जेवढं लागतं तेवढंच

निवास, तू विचारलंस म्हणून सांगतो,
नाहीतर मी कोण सांगणारा?
चार महिने झालेत,
त्यातला एक कांद्याच्या सीझनमध्ये गेला.

आधी नखं काप. डाव्या हाताची, पार मांसाला लागून.
उजव्याची राहू देत.
घरी विचारतील, एकाच हाताची का?
मी म्हणालो, पोत्यात अडकतात.
वैजयंता हसली. तिला ठाऊक होतं.
खिशातला प्लास्टिकचा त्रिकोण
धुण्याआधी तिनंच काढून टीव्हीवर ठेवला होता.

घणसोलीला तन्वेश मढवी शिकवतो, मंगळवारी.
एकोणीस वर्षांचा आहे.
काका म्हणतो आणि ओरडतो.
पहिल्या दिवशी मी तार अशी दाबली
जशी काय पन्नास किलोची गोण थप्पीला लावतोय.
आवाज नाहीच, नुसती खरखर.
"अवरा जोर कनाला, काका?"
माझं बोट उचलून त्यानं
पट्टीच्या मागं ठेवलं, अगदी खेटून. पट्टीवर नाही.
म्हणाला, आता सोडत या. हळू.
आवाज मरेल, त्याच्या एक पायरी अलीकडं थांबा.
तेवढंच वजन.

सव्वीस वर्षं तुर्भ्याला काट्यापाशी उभा आहे.
शेतकऱ्याचं किलोभर इकडं नाही
की व्यापाऱ्याचं तिकडं.
तोलार म्हणून तेवढीच काय ती कमाई.
आणि माझ्याच बोटाचं वजन
मला त्या पोरानं दाखवलं.

फोड येतील. सुई लावू नकोस.
तुझ्या खांद्याला घट्टा आहे तसा
बोटांच्या शेंड्यांना यावा लागतो,
तो रोजच्या पंधरा मिनिटांनी येतो.
रविवारी तीन तास बसून मागची बाकी फिटत नाही.
मी बसलो होतो. सोमवारी पावती फाडता येईना.

ठेक्यासाठी मशीन मिळतं, घेऊ नकोस.
आमच्या कोपरखैरण्याच्या पंख्याला एक टक आहे,
दर फेऱ्याला, न चुकता.
तीनवर ठेवला की माझी बोटं मागं पडतात.
एकवर ठेवतो. घाम येतो.
येऊ दे. हळू आलं नाही ते जोरात काय येणार?

सी वरून ए मायनरला जाताना
सगळा हात उचलू नकोस.
दोन बोटं आहेत तिथंच राहतात, एकच हलतं.
हे मला दीड महिन्यानं कळलं.
तोवर मी दर वेळी
पूर्ण गाडी खाली करून पुन्हा भरत होतो.

एफ मला येत नाही. त्याचं विचारू नकोस.
त्यात एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या.
तन्वेश म्हणतो, दिवाळीपर्यंत.
कुठल्या, ते बोलला नाही.

परवा पहाटे नाशिकची गाडी उशिरा होती.
गाळ्यात कुणी नव्हतं, काटा चालू होता.
मी वाकून काट्यावर तीन बोटं ठेवली,
सी ची, जशी तारेवर ठेवतो तशी,
आवाज मरायच्या एक पायरी अलीकडं.
लाल आकडा हलला.
शून्य, दोनशे, शून्य.
पुन्हा दोनशे.
एवढ्या वर्षांत मी दोनशे ग्रॅम
कुठल्या पावतीवर लिहिले नव्हते.
बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तू तेव्हाच पाहिलंस ना मला, थप्पीमागून?
विडी विझवलीस, त्याचा वास आला होता.

सोमवारी ये, माझीच घे तोवर.
सगळ्यात बारीक तार तुटलीय, नवी आणलीय.
ओढताना तोंड लांब ठेव
आणि खुंटी दमानं पीळ,
अर्धा फेरा, ऐक,
मग अर्धा.